कोचच्या हातात काय असतं? : 'कोचिंग ॲजाइल टीम्स' या पुस्तकाच्या निमित्ताने



समोर बघतो तर निम्मे चेहरे सकाळच्या विरार लोकलमधले आहेत. उद्या आपण पुन्हा भेटूच, उभ्याउभ्या. (हशा) आणि ऑफिसला पोचल्यावर तुमच्यातल्या अनेकांना परत उभं राहायचंय, रोजच्या पंधरा मिनिटांच्या 'स्टँडअप'साठी. आजचं बोलणं त्या पद्धतीबद्दल आणि ती शिकवणाऱ्या माणसाबद्दल आहे. त्याला 'ॲजाइल कोच' म्हणतात. मी काही वर्षं तेच काम केलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअरमधली 17 माणसं जमली आणि त्यांनी एक जाहीरनामा लिहिला. जाड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, करारावर घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाबरोबर काम करणं महत्त्वाचं, असा त्याचा सूर. त्याच वळणाची, पण त्याआधीपासून असलेली 'स्क्रम' ही पद्धत आज सगळीकडे दिसते. साधारण दहापर्यंत माणसांची टीम, महिन्याच्या आतबाहेर नव्हे, आतच संपणारा 'स्प्रिंट', आणि शेवटी काय चुकलं ते बोलायची बैठक, म्हणजे 'रेट्रो'. काम कसं करायचं ते साहेब सांगत नाही, टीम ठरवते.

लिसा ॲडकिन्स यांचं 'कोचिंग ॲजाइल टीम्स' हे पुस्तक 2010 मध्ये आलं. या क्षेत्रात ते जवळजवळ पाठ्यपुस्तक आहे. त्याचं मोठेपण आधी सांगतो. लेखिका स्वतः हुकूम सोडणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या परंपरेतून आल्या, आणि ती सवय सोडणं किती अवघड असतं ते त्या प्रामाणिकपणे मांडतात. टीमची अडचण दिसली की लगेच उडी मारून सोडवू नका, ती टीमसमोर ठेवा आणि थांबा, हा त्यांचा सल्ला सोन्यासारखा आहे. मला तो कळायला दोन वर्षं लागली.

पण दोन ठिकाणी हे पुस्तक आपल्याकडे अडतं.

पहिलं म्हणजे भांडण. ॲडकिन्स इथे स्पीड लीस यांची पाच पायऱ्यांची मांडणी घेतात. लीस हे चर्चमधले वाद मिटवण्याचं काम करणारे गृहस्थ, त्यामुळे आपल्या गावाला ते परके वाटू नयेत! (हशा) लोक कशी भाषा वापरतात ते ऐकायचं आणि भांडण कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायचं. मुद्द्यावर बोलत असतील तर खालची पायरी, माणसांवर घसरले की वरची. ठीक. पण आपल्याकडे बैठकीत भांडण ऐकूच येत नाही हो! सगळे 'हो सर' म्हणतात. खरी सभा नंतर, चहाच्या टपरीवर भरते. आपल्या सोसायटीच्या सभेतही हेच चालतं ना? मग बैठकीतली शांतता म्हणजे एकमत की भीती, हे कोचने कशावरून ओळखायचं?

माझी चूक इथेच झाली. एका टीममध्ये टेस्टिंग करणारी एक मुलगी होती, सगळ्यात ज्युनियर. तिने मला चहाला सांगितलं होतं, "सर, ही तारीख जमणार नाही, अर्धं तपासून झालेलं नाही." मी पुस्तकाप्रमाणे म्हटलं, "हे रेट्रोमध्ये मांड." रेट्रोला मॅनेजर बसलेला. ती गप्प राहिली, मीही गप्प राहिलो. टीमने स्वतः बोलावं, म्हणून मी थांबलो होतो! रिलीज कोसळलं आणि खापर 'टेस्टिंग'वर फुटलं. तिचं त्या वर्षीचं रेटिंग गेलं. माझं गेलं नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. टीम स्वतःचं स्वतः ठरवेल, हे पुस्तकाने गृहीत धरलंय. पण बाहेरच्या ग्राहकासाठी चालणाऱ्या कित्येक प्रोजेक्टांत तारीख, पैसे आणि कामाची यादी करारात आधीच बांधलेली असते. उरतं काय? स्टँडअप कुठे उभं राहून करायचा, एवढंच! मॅनेजरांशी कसं वागावं यावर ॲडकिन्स लिहितात, नाही असं नाही. पण करार आणि वैयक्तिक रेटिंग यांपुढे नुसतं समजावणं पुरत नाही.

आपल्या वाडीतलं बावखल घ्या. सामाईक बावखलातला गाळ लोक का काढायचे? कारण त्या पाण्यावर त्यांचा हक्क होता. हक्क काढून घ्या आणि मग 'तुम्ही स्वयंप्रेरणेने गाळ काढा' म्हणून कोच नेमा. कोण येईल?

मग कोचने करायचं काय? अनुभवाने तीन गोष्टी शिकलो. रेट्रोत मॅनेजर नको, आणि मतं आधी चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. दुसरं, सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, साहेबाने शेवटी. तिसरं म्हणजे, काम स्वीकारतानाच वरच्या माणसाला विचारायचं : तारीख बदलता येईल का? नाही, तर काम कमी करता येईल का? दोन्हींना 'नाही' असेल, तर मला बोलावू नका. कारण मग मी फक्त लोकांना हसत राबायला शिकवणार.

पुस्तक जरूर वाचा. कोचने कधी गप्प बसावं हे ते फार छान शिकवतं. कधी बोलावं, हे मात्र मला त्या मुलीने शिकवलं, आणि त्याची किंमत तिने भरली.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हो, आधी मागच्या रांगेतून.