काठी आणि हस्तलिखित

आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकातून ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. शापित घराणे, ओसाड माळरान, काळोखातील अमानुष श्वापद ही तिची सामग्री गॉथिक परंपरेतील. रीत मात्र हेरकथेची. तर्क हा तिचा गाभा व भय हे केवळ नेपथ्य, असा निर्वाळा त्यामुळे सहज दिला जातो. पहिली दोन प्रकरणे बारकाईने वाचली असता हा निर्वाळा टिकत नाही.

पहिल्या प्रकरणात भयाचा लवलेश नाही. न्याहारीच्या टेबलाशी पाठमोरा बसलेला शेरलॉक होम्स, मागे उभा असलेला वॉटसन, आणि त्याच्या हाती कोणी अनोळखी पाहुणा विसरून गेलेली, १८८४ साल कोरलेली काठी. होम्सला मागचे कसे दिसते याचे वॉटसनला नवल वाटते. समोरच्या चकचकीत कॉफीपात्रात प्रतिबिंब पडले होते, एवढाच त्याचा उलगडा. चमत्कार आणि त्याचे निराकरण हा साऱ्या कादंबरीचा क्रम येथे एका क्षणात येऊन जातो. पुढे काठीवरून वॉटसन जी अनुमाने काढतो ती बहुतांशी चुकतात. तथापि होम्सही सर्वस्वी निर्दोष राहत नाही. डॉक्टर मॉर्टिमर यांना ती भेट रुग्णालय सोडताना मिळाली असे तो सांगतो. मॉर्टिमर येतात आणि ती लग्नानिमित्त मिळाल्याचे कळते. काठीवरील दातांच्या खुणांवरून तो कुत्र्याचा आकार ठरवितो. पण तो स्पॅनियल आहे हे निश्चयाने सांगतो ते कुत्रा दाराशी प्रत्यक्ष दिसल्यावर. तर्काची प्रतिष्ठा वाढवीत असतानाच लेखकाने त्याची मर्यादाही नोंदवून ठेवली आहे.

दुसऱ्या प्रकरणात काठीची जागा १७४२ सालचे हस्तलिखित घेते. जुन्या कागदाच्या आधारे अद्भुत खरे भासविण्याची युक्ती गॉथिक कादंबरीइतकीच जुनी आहे. होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध केली तीच मुळी एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून. डॉइल यांनी ही युक्ती उचलली आणि लगेच निष्प्रभ केली. दुराचारी ह्यूगो बास्करव्हिल व त्याचा घास घेणारे काळे श्वापद यांची ती कथा ऐकून होम्स जांभई देतो. मग सर चार्ल्स यांच्या मृत्यूचे वर्तमानपत्रातील वृत्त वाचले जाते. त्यात अलौकिकाला थारा नाही. शेवटी मॉर्टिमर कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगतात: प्रेतापासून काही अंतरावर त्यांनी पाहिलेल्या, एका प्रचंड कुत्र्याच्या पाऊलखुणा.

या प्रारंभाचे मर्म येथे आहे. दंतकथा, वृत्त, साक्ष असा मजकूर जसजसा विश्वसनीय होत जातो तसतसे भय उणावत नाही, वाढते. पाऊलखूण हे हेरकथेचे अगदी नेहमीचे साधन, आणि तिच्यावरच भयानकाचा सारा भार टाकला आहे. रसशास्त्राच्या परिभाषेत, दंतकथेतील श्वापद हा भयाचा दुबळा विभाव ठरतो. विज्ञाननिष्ठ माणसाने डोळ्यांनी पाहिलेली खूण हा समर्थ.

भाषांतरकारापुढे हीच खरी अडचण उभी राहते. मुळात तिन्ही मजकुरांची भाषा भिन्न आहे. मराठीत १७४२ म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा काळ. बखरीचे वळण हाताशी आहे आणि ते मोहातही पाडते. परंतु बखरीच्या भाषेला मराठी वाचक इतिहासाचा मान देतो. ही कथा तर जांभई देऊन दूर सारता यावी अशी हवी. घराण्याच्या कैफियतीचे साधे, काहीसे अघळपघळ वळण तिला अधिक मानवेल. तिन्ही मजकूर एकाच प्रमाण गद्यात उतरविले, तर दंतकथेकडून साक्षीकडे होणारा प्रवास लोपेल व त्याबरोबर भयही.

दाराशी दिसलेला तो स्पॅनियल वाचक पुढे विसरून जातो. अखेरीस दलदलीतील बेटावर, जेथे ते श्वापद लपवून ठेवलेले असते तेथे, त्याचा सांगाडा सापडतो. श्वापदाच्या अंगावरील ज्वाळांचा उलगडा फॉस्फरसने झालेला असतो, शाप खोटा ठरलेला असतो. पहिल्या प्रकरणात ज्याची जात ओळखणे ही मौज होती, त्यालाच होम्सला हाडांवर उरलेल्या केसांवरून पुन्हा ओळखावे लागते. भय हे नुसते नेपथ्य असते, तर लेखकाला हा सांगाडा तेथे ठेवण्याचे कारण नव्हते.