फुंक कोणाची, सूर कोणाचा?

दलित साहित्याची समीक्षा शब्दाची चिकित्सा करते, सुराची क्वचितच करते. जणू सूर जातीच्या पलीकडचाच! वास्तविक गावगाड्याने वाद्येदेखील वाटून दिली होती. हलगी आणि सनई अनेक गावांत मातंगांच्या वाट्याला आली. त्यांच्या फुंकीने लग्नाला मंगलत्व येई, आणि वाजविणारे मात्र पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर बसत. फुंक शुभ, फुंकणारे तोंड विटाळाचे! या विसंगतीचा जाब प्रस्थापित संगीतसमीक्षेने स्वतःला कधी विचारला नाही.

विजेवर चालणारे सुषिर वाद्य या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. अमेरिकेत १९७०च्या दशकात बिल बर्नार्डी यांचे लिरिकॉन आले. पुढे नाइल स्टाइनर यांच्या रचनेवरून जपानच्या अकाई कंपनीने १९८७ साली आपले वाद्य बाजारात आणले. स्टाइनर यांचे वाद्य मायकेल ब्रेकर यांनी १९८६ साली टोकियोत ‘स्टेप्स अहेड’ या बँडसोबत मंचावर वाजविले होते. या नळीत हवेचा स्तंभ नादत नाही. फुंकीचा दाब आणि बोटांचा स्पर्श मोजला जातो. आवाज विजेच्या मंडलात तयार होतो. बटण बदलले की बासरीची तुतारी होते.

म्हणजे सूर वाद्याच्या देहापासून सुटला. मग तो जातीपासूनही सुटला काय? काही अंशी, होय. या नळीला कुळ नाही. ‘हे तुमचे पिढीजात काम’ असे तिच्याबाबत कोणी म्हणू शकत नाही. गावकीची अपमानकारक कामे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. वाद्य सोडण्याचा आणि नवे निवडण्याचा हक्क त्या नकारातच आहे.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. वाद्यातील आवाजांची यादी दूरच्या कारखान्यात ठरते. तीत ‘सनई’ असलीच, तरी तो नमुना कोणाच्या फुंकीचा, हे बँडमधल्या वादकाला कोण सांगतो? बलुत्यात वाजविणाऱ्याचे नाव नव्हते. यंत्रातही ते नसेल, तर आपण काय मिळविले?

बँडबरोबर उभे राहिल्यावर आणखी गोष्टी उघड होतात. सनईवाला छिद्र अर्धे झाकून, ओठ आवळून स्वर घसरवितो. अकाईच्या नळीवर स्पर्शाच्या पट्ट्या आहेत. बोट नुसते टेकले तरी स्वर बदलतो, आणि मींड अंगठ्याजवळच्या वेगळ्या पट्टीवर शिकावी लागते. दमसास कामी येतो, बोटांची जुनी सवय आड येते. शिवाय नळी स्वतः मुकी. शेजारी हलगी कडाडत असता वादकाला आपलाच स्वर ऐकण्यासाठी स्पीकर जवळ हवा. मिरवणुकीत जनरेटर बंद पडला, तर हलगी वाजत राहते आणि हा थांबतो.

एकलहऱ्याच्या वाचकाला या परावलंबनाचा अर्थ वेगळा सांगायला नको. येथे औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. वीज तारेने दूर जाते, राख जवळ उरते. याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडीला, १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. त्यांचे गाणे आणि त्याआधीचा भीमराव कर्डकांचा जलसा ज्या वस्त्यांत पोहोचला, तेथे दिवाही नव्हता. गळा आणि ढोलकी पुरली.

म्हणून नव्या वाद्याला आंधळा विरोध नको, आणि आंधळे स्वागतही नको. भीमगीतांच्या बँडमध्ये आपल्या तरुणाने ते जरूर वाजवावे. पण जुन्या सनईवाल्यांच्या फुंकी, त्यांच्या नावानिशी आणि योग्य मोबदला देऊन, ध्वनिमुद्रित झाल्या पाहिजेत. यंत्रातली ‘सनई’ त्यांतून घडली पाहिजे. तसे न झाल्यास मांडव तोच राहील, आणि वाजविणाराही बाहेरच.