सोपाऱ्याचा ठेवा आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’ असे होते. पश्चिम भारत हा या संस्थेने स्वतःच घेतलेला विषय आहे. तेव्हा या प्रदेशाच्या इतिहासात धम्माला जे स्थान आहे ते तेथील संग्रहातून कितपत उमगते, हा प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

प्रथम ऋण मान्य केले पाहिजे. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी केले. तेथील पक्व मृत्तिकेच्या बुद्धमूर्ती आज मुंबईत पाहावयास मिळतात, त्या या संग्रहालयामुळेच. सोपारा येथे सापडलेले सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडेही येथेच जतन झाले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्याचा १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, उजेडात आला. मृगयेच्या विहारयात्रा सोडून अशोकाने धम्मयात्रा आरंभिल्या, हे आठवा लेख सांगतो. निरर्थक मंगलविधींपेक्षा सदाचार हेच खरे मंगल, हा नवव्याचा आशय आहे. ज्यांना मंगलसुत्त मुखोद्गत आहे त्यांना या आशयाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

परंतु सोपाऱ्याची कथा या दालनात पूर्ण होत नाही. १८८२ सालीच भगवानलालांनी बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा स्तूप उकलला. त्याच्या गर्भात पाषाणमंजूषा होती. तीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक, सुवर्णपुष्पे, मातीच्या पात्राचे तुकडे, आठ कांस्य बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे रौप्य नाणे अशा वस्तू मिळाल्या. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे, आणि भगवानलालांचा मूळ वृत्तांत त्याच संस्थेच्या नियतकालिकात आहे. म्हणजे एकाच स्थळाचे लेख एका इमारतीत, तर धातू व ग्रंथ दुसरीत. दोन्ही इमारती फोर्ट भागातच असल्या, तरी सामान्य उपासकाच्या मनात त्यांची सांगड पडत नाही.

येथेच पालि साहित्याची उणीव भासते. उदानातील बाहिय दारुचीरिय सुप्पारक येथे समुद्रतीरी राहत होता. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात पुण्ण स्थविर सुनापरान्तात जाण्याची अनुज्ञा मागतो. तेथील लोकांनी शिव्या दिल्या, प्रहार केला, तर काय करशील, असे तथागत विचारतात आणि पुण्णाची क्षांती प्रत्येक उत्तरागणिक प्रकट होते. अट्ठकथा पुण्णाचा संबंध सुप्पारकाशी जोडते. महावंसात अपरान्ताकडे योनक धम्मरक्खित थेर पाठविल्याची नोंद आहे. ही सर्व वचने ऐतिहासिक पुरावा म्हणून सारख्याच तोलाची नाहीत, हे उघड आहे. तरीही शिलालेखाचा तुकडा त्यांच्या शेजारी ठेवून वाचला म्हणजे तो केवळ लिपीचा नमुना राहत नाही.

वस्तूंची शिल्प, नाणी, कांस्य अशी प्रकारवार विभागणी जतनाच्या दृष्टीने सोयीची असते. मात्र तिने वस्तूची जागा आणि तिच्यामागचा संघ हरवतो. सोपाऱ्याचे नाणे सातवाहनकालीन आहे, तर कांस्यमूर्ती अभ्यासकांनी कित्येक शतकांनंतरच्या ठरविल्या आहेत. याचा अर्थ हा स्तूप पुन्हा उघडून त्याची पूजा करणारे लोक त्या काळीही अपरान्तात होते. नाणे नाण्यांत आणि मूर्ती मूर्तींत गेली, की हा सर्वांत मोलाचा निष्कर्षच नाहीसा होतो.

पात्राचे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचेच, असे भगवानलालांना वाटले. ते सिद्ध करता येत नाही, आणि बाबासाहेबांच्या मार्गाने धम्म स्वीकारलेल्यांनी तसा आग्रह धरूही नये. आपला आग्रह निराळा असावा. सोपाऱ्याचे लेख, करंडक, नाणे व मूर्ती यांची एकत्रित सूची मराठीत व्हावी, तीत पालि संदर्भ यावेत आणि दोन्ही ठिकाणी ती वाचकास मिळावी. यासाठी एकही वस्तू हलविण्याची आवश्यकता नाही.

हा दोष एकट्या संग्रहालयांचा मात्र नाही. जयंती आणि वर्षावासाच्या निमित्ताने आपण सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करतो. पण त्याच्या उत्खननाचा वृत्तांत मागवून वाचणारे आपल्यात किती? जो समाज आपल्या ठेव्याची सूची स्वतः करीत नाही, त्याला इतरांनी केलेल्या विभागणीतच स्वतःचा इतिहास शोधावा लागतो. विहारांतील पालि वर्गांनी हे काम हाती घ्यावे, आणि त्याचा आरंभ सोपाऱ्यापासून व्हावा.