मुद्रकाची ओळ

भायखळा, माझगाव, लालबाग या पट्ट्यात सार्वजनिक वाचनालय गल्लीच्या तोंडाशीच असे. एक बाक, चार वर्तमानपत्रे आणि भोवती वाचकांचा घोळका, एवढाच त्याचा संसार. पैसे न मोजता वाचावयास मिळणे हा त्याचा उघड गुण. दुसऱ्या गुणाकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाई. प्रत्येक वर्तमानपत्राच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक व छापखाना यांची नावे सांगणारी एक ओळ असे. १८६७च्या कायद्याने ती बंधनकारक केली होती. परकीय सरकारचा हेतू अंकुशाचा होता हे खरे. तरीही त्यातून वाचकाच्या पदरी एक हक्क पडला. छापलेल्या मजकुराचा जाब कुणाला विचारावा, हे त्याला ठाऊक असे.

आज वाचनालयाचे बरेचसे काम सार्वजनिक इंटरनेटकडे आले आहे. भायखळ्याहून नागपाडा ओलांडला की येणाऱ्या मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६मध्ये गूगल व रेलटेल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले. त्या योजनेतील देशातले ते पहिले स्थानक. पुढे २०२०मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले आणि रेलटेलने सेवा पुढे चालविली. ज्ञानाचे दार गरिबालाही उघडावे, याविषयी आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो दारातून आत गेल्यावर हाती पडणाऱ्या मालाविषयी आणि त्या मालाच्या निनावी कर्तेपणाविषयी.

या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास पाहिला, तर दोषाचे माप नेहमी दुबळ्याच्याच पदरात टाकले गेल्याचे दिसते. सायबर कॅफेंतून मुलांना अश्लील चित्रे सहज दिसतात, ही तक्रार २००१मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. नेमलेल्या समितीने उपाय सुचविले ते मुख्यत्वे दुकानाच्या पातळीवरचे : मुलांना उघड्या जागेत बसवावे, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल व त्याला पसंती दिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६ (अ) कलमाचा तेथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. दोन्ही प्रसंगी प्रश्न विचारला गेला तो दुकानदाराला किंवा वापरणाऱ्याला. यंत्राची घडण ज्याने ठरविली, तो मात्र नामानिराळाच राहिला.

१ जुलै २०१८ रोजी ही उदासीनता किती महाग पडते ते दिसले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा त्या काळात व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होती. मारणाऱ्यांचे पाप कुठल्याही यंत्रामुळे हलके होत नाही, हे आम्ही प्रथमच नमूद करतो. पण अफवेला इतके पाय कुणी दिले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

याचे उत्तर त्याच महिन्यात कंपनीच्या कृतीनेच दिले. एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा तिने भारतासाठी घातली आणि चित्रफितीशेजारचे झटपट पुढे धाडण्याचे बटणही काढले. कायदा अशा कंपन्यांना 'मध्यस्थ' म्हणतो. त्या स्वतःस टपालवाल्यासारख्या मानतात. टपालवाला पत्र पोहोचवितो हे खरे, पण एका पत्राच्या शेकडो प्रती काढून देण्याची सोय तो दारोदार मांडत नाही. ती सोय हे माध्यमाचे उत्पादन होय आणि उत्पादनाला उत्पादक असतो.

यावर कुणी म्हणेल, कंपनीला जबाबदार धरले की ती भीतीपोटी प्रत्येकाचे बोलणे तपासू लागेल आणि पालघरची पुनरावृत्ती होईल. ही भीती निराधार नाही. परंतु पाचांची मर्यादा घालताना एकाही संदेशातील अक्षर वाचावे लागले नाही. घडणीची जबाबदारी आणि मजकुरावरील पहारा या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२१च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावयास लावले, हे योग्यच झाले. पण त्याच नियमांतील मूळ संदेशकर्ता शोधून देण्याची सक्ती पुन्हा वापरणाऱ्याकडेच बोट दाखविते.

सार्वजनिक प्रवेश जितका वाढेल, तितकी उत्पादकाची जबाबदारीही वाढली पाहिजे. नवे बटण लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्याचे परिणाम तपासावेत, ते जाहीर करावेत आणि त्याखाली आपले नाव लिहावे, एवढीच आमची मागणी आहे. राईनपाड्यानंतर जे करता आले, ते राईनपाड्यापूर्वीही करता आले असते. ते का केले नाही, याचा जाब देणारी ओळ आजही त्या पडद्याच्या तळाशी उमटलेली नाही.