वीस सूक्ष्मदर्शक, शंभर विद्यार्थी

मॅस्टोडॉन ही जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेली, कोणालाही स्वतःच्या संगणकावर चालवता येणारी समाजमाध्यम-प्रणाली. २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलल्यावर लाखो लोक तिच्याकडे वळले आणि छोट्या सर्व्हरांवर एकाएकी भार आला. अशा वेळी चालकाचा आधार म्हणजे प्रणालीची अधिकृत मार्गदर्शिका. तिच्यातील डेटाबेस-जोडण्यांच्या भागात सूचना उपयुक्त आहेत; स्पष्टीकरण मात्र एका ठिकाणी चुकते, दुसऱ्या ठिकाणी अपुरे पडते.

आधी अडचण समजून घेऊ. मॅस्टोडॉनची माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असते. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवतो आणि मुळात १०० जोडण्यांचीच मुभा देतो. पाने दाखवणारे धागे २ × ५, मागे साचलेली कामे उपसणारे ३ × २५ आणि ताज्या नोंदी पोचवणाऱ्या भागाच्या १० जोडण्या धरल्या, तरी बेरीज ९५ होते. या बेरजेची रीत मार्गदर्शिका नीट सांगते.

उपाय म्हणून तिने पीजीबाउन्सर हा मध्यस्थ सुचवला आहे. त्याने १०० जोडण्या स्वीकाराव्यात, पोस्टग्रेसकडे २० च उघडाव्यात आणि त्यांचे वाटप व्यवहारागणिक करावे. पण याचे वर्णन असे येते, की व्यवहाराबरोबर जोडणी निर्माण होते आणि त्याच्याबरोबरच संपते. प्रयोगशाळेत २० सूक्ष्मदर्शक आणि १०० विद्यार्थी आहेत अशी कल्पना करा. या वर्णनाप्रमाणे प्रत्येक निरीक्षणानंतर सूक्ष्मदर्शक मोडीत निघेल! प्रत्यक्षात तो टेबलावर परत येतो आणि पुढच्याच्या हाती जातो. नवी जोडणी उभारणे खर्चिक, म्हणून तर हा साठा.

हे चित्र स्पष्ट असते तर 'पूर्वसिद्ध आज्ञा बंद करा' ही सूचनाही उमगली असती. भिंग जुळवून गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती परतल्यावर दुसराच सूक्ष्मदर्शक आला, तर जुळवणी वाया जाते. पीजीबाउन्सरच्या १.२१ या आवृत्तीने २०२३ मध्ये अशा जुळवणीची नोंद ठेवण्याची सोय केली. कारण ठाऊक असलेल्या चालकालाच या बदलाचे महत्त्व कळेल.

अपुरेपणा आकड्यांत आहे. गरजेप्रमाणे ते वाढवावेत, असे म्हटले आहे, पण कुठवर? चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एका क्षणी मोजकीच कामे चालतात. २० च्या २०० जोडण्या केल्या तर रांग फक्त दाराबाहेरून आत येते आणि स्मृती खर्ची पडते.

कृती बरोबर आणि कारण चूक अशा प्रयोगवहीला आपण पूर्ण गुण देत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर द्यावा: मागची कामे उपसणाऱ्या २५ धाग्यांचा आणखी एक गट जोडला, तर १०० ची बाहेरची मर्यादा पुरेल का? आणि आतले २० बदलावे लागतील का?