कूस आणि काचेची पेटी

दिवाळी अंकातील समीक्षालेख एखाद्या ग्रंथावर असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र समीक्षेसाठी घेतले आहे ते एक वाक्य. त्याचा कर्ता ठाऊक नाही, पण ते आपल्या प्रत्येक घरात पाठ आहे : ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’

चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीला बत्तिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. वजन जेमतेम एक किलो चारशे ग्रॅम. बाळाला काचेच्या पेटीत ठेवले होते. घरातली वडीलधारी बाई भाचीच्या उशाशी बसून म्हणाली, “आठव्यातलं लेकरू हाय गं, लई जीव लावून घेऊ नको.” सांगणारी दुष्ट नव्हती. स्वतःची दोन मुले तिने अशीच गमावली होती. पण तीन दिवस भाची त्या खोलीच्या दाराशी उभी राहून परत येई. नर्स आत बोलावी, तरी ती जात नसे. एका वाक्याने आई आणि मूल यांच्यामध्ये पेटीच्या काचेहून जाड अशी एक काच उभी केली होती.

हे वाक्य आपल्याच मुलखातले आहे असेही नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्याच्या गर्भावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि समजूत हीच आहे. म्हणजे वाक्य पुरातन आहे. पण पुरातन म्हणून ते खरे ठरत नाही. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, आणि पोटात जितके दिवस अधिक तितकी जगण्याची शक्यता अधिक, हा साधा हिशेब आहे. आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सबळच असते. मग उलटी समजूत टिकली कशी? माझा तर्क असा की, लग्न आणि जन्म यांतील अंतर अडचणीचे झाले की धडधाकट, पुऱ्या दिवसांच्या मुलालाही ‘सातमाशी’ म्हणून घराची अब्रू राखली जाई. अशी ‘सातमाशी’ मुले जगणारच! आठव्यातल्या मुलाला असे उसने साथीदार मिळाले नाहीत.

लोकवाणीचे हे झाले. ग्रंथांत काय आढळते? महाभारतात गांधारीच्या पोटून आकारहीन मांसपिंड बाहेर पडतो. व्यास त्याचे शंभर आणि एक भाग करवून तुपाने भरलेल्या कुंभांत ठेवतात. आमच्याकडे व्याख्याने होतात, त्यांत वक्ते हटकून सांगतात की, ही पाहा आपली प्राचीन काचेची पेटी! टाळ्याही पडतात. वास्तविक ती गर्भधारणा दोन वर्षांची होती, अपुऱ्या दिवसांची नव्हतीच. शिवाय या टाळ्यांत कथेतले महत्त्वाचे ते निसटते : ते कुंभ सुरक्षित जागी ठेवले होते, त्यांची राखण होती आणि ठरलेला काळ लोटेपर्यंत ते उघडायचे नव्हते. चमत्कार आपण ऐकतो आणि राखण सोडून देतो.

पाश्चात्त्य वाङ्मयातही प्रकार फारसा निराळा नाही. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आपण वेळेआधी, अर्धेमुर्धे घडून जगात आलो असे सांगतो आणि त्याच्या दुष्टपणाची नाळ प्रेक्षक तिथेच जोडतात. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त लिसेटी या इटालियन विद्वानाची गोष्ट येते, त्याच्या वैद्य पित्याने म्हणे त्याला अंडी उबवण्याच्या भट्टीसारख्या उबेत वाढवले. एकीकडे अपशकुन, दुसरीकडे नवल. अपुऱ्या दिवसांचे मूल साहित्याला या दोन रूपांतच दिसले.

इतिहासाने तर हे नवल तिकीट लावून दाखवले. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने, कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, बाळांसाठी उबदार पेटी करवली. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने अमेरिकेतील कोनी आयलंडच्या जत्रेत अशा पेट्यांतली जिवंत बाळे १९०३ पासून १९४३ पर्यंत लोकांना दाखवली. तिकिटाच्या पैशांतून तो बाळांचा खर्च भागवी, आईबापांकडून काही घेत नसे, आणि कित्येक बाळे त्याने वाचवली. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या काळी बहुतेक इस्पितळांत या बाळांना जागाच नव्हती.

आता आपल्या संतवाङ्मयाकडे वळतो. तिथे कासवीचा लाडका दृष्टान्त आहे : ती पिलांना दूध देत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. ईश्वरी कृपेसाठी ही प्रतिमा अतुलनीय आहे. पण काचेबाहेर उभ्या असलेल्या माझ्या भाचीकडे पाहताना मला प्रथमच ती अपुरी वाटली. अशा बाळाला नजर पुरत नाही. त्याच्या अंगावर चरबी नसते म्हणून ते पटकन गार पडते. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्राव पुरेसा नसतो म्हणून धाप लागते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही म्हणून आईचे दूध काढून नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजावे लागते. जंतूंशी झुंजायची ताकद तोकडी असते. डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते, म्हणून चार आठवड्यांच्या आत डोळे तपासून घ्यावे लागतात. घरी आल्याच्या आनंदात नेमकी ही तपासणी राहून जाते.

कासवीच्या जागी कांगारू आणली ती कोलंबियातील बोगोटा येथील डॉक्टरांनी, १९७८ च्या सुमारास. तिथे पेट्या अपुऱ्या होत्या; म्हणून बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. गरिबाची सोय म्हणून जन्मलेली ही रीत पुढे उपचार ठरली. भारतासह पाच देशांतील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे छातीशी ठेवल्याने पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटले. आपल्या गडचिरोलीतही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा पाठ घालून दिला. आणि पहिलटकरणींना अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिल्याने वेळेआधीची बाळंतपणे थोडी घटतात, हे दाखवणाऱ्या सहा देशांच्या अभ्यासात आपले बेळगावही होते. आठव्यातल्या मुलाचा निकाल ललाटी लिहिलेला नसतो, हेच यातून सिद्ध होते.

चौथ्या दिवशी कन्नड बोलणारी ती नर्स भाचीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. ‘कूसु, कूसु’ म्हणत तिने ते एवढेसे बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवले. कन्नडात तान्ह्या बाळाला ‘कूसु’ म्हणतात आणि मराठीत आईच्या पोटाला ‘कूस’. व्युत्पत्तीचा दावा मी करत नाही. पण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा योग शिकवून जातो : बाळ आणि कूस यांची ताटातूट करू नये. भाची त्या दिवशी तिथून दोन तास हलली नाही. काचेच्या पेटीचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. पहिल्या दिवसांत तिनेच जीव धरून ठेवला. पण बाळाची आई तिला मिळाली ती चौथ्या दिवशी.

मराठी लेखक-लेखिकांना माझे मागणे आहे. आपण बाळंतपणावर पुष्कळ लिहिले. पण वाटी-चमच्याने दर दोन तासांनी दूध पाजणारी, वजनाचे वीस ग्रॅम वाढले म्हणून डोळे पुसणारी आई आपल्या कथेत अजून यायची आहे. ती आली, तर त्या जुन्या वाक्याची जागा घ्यायला घराघरांत दुसरे वाक्य तयार होईल. तोवर आपण वडीलधाऱ्यांनी एवढे तरी करावे : बाळंतिणीच्या उशाशी बसून ‘जीव लावून घेऊ नको’ म्हणू नये. तिने जीव लावणे हाच त्या लेकराचा अर्धा उपचार आहे.