कठडा कुणाचा, होडी कुणाची?

आजचा विषय आहे मुंबईचा श्रीमंत किनारा, मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा. पण सुरुवात आपल्या रत्नागिरीतूनच करू. थिबा पॅलेस तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला. १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला आणि १९१६ साली त्याने इथेच प्राण सोडला. वाडा उंचावर, खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. आजच्या जाहिरातीत याला ‘सी व्ह्यू’ म्हणतील! पण तो समुद्र ओलांडून मायदेशी जायची मुभा राजाला नव्हती. म्हणजे बघा, समुद्र दिसणं वेगळं आणि समुद्र आपला असणं वेगळं.

म्हणून कुठलाही किनारा बघताना मी दोनच प्रश्न विचारतो. एक, खिसा रिकामा असलेल्या माणसाला तिथे तासभर निवांत बसता येतं का? दोन, ज्याचं पोट समुद्रावर आहे, त्याची होडी तिथून जा-ये करू शकते का?

आता मुंबईला जाऊ. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्यांतली आपली कितीतरी माणसं बोटीने गेली आणि भाऊच्या धक्क्याला उतरली. तो मुंबईचा पूर्वेचा किनारा, मालाचा, मासळीचा, घामाचा. हवा खायचा किनारा पश्चिमेला.

मरीन ड्राइव्ह हा निसर्गाने दिलेला किनारा नव्हे, तो भराव आहे. १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरावात पैशाची उधळपट्टी चालली होती. खुर्शेद नरिमन यांनी ती चव्हाट्यावर आणली. आणि गंमत अशी की पुढे त्याच भागात समुद्र बुजवून केलेल्या जागेला नाव मिळालं नरिमन पॉइंट!

भरावावर १९३० आणि ४०च्या दशकांत आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. गोलाकार सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, उंची जवळपास सारखी. १९३७चा सूना महल त्यातलाच. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही रांगही आली. दर्जा योग्यच आहे. पण मला विचाराल तर मरीन ड्राइव्हची सर्वांत मोठी वास्तू रस्त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. तो रुंद कठडा! मागच्या फ्लॅटची किंमत काहीही असो, कठड्यावर बसायला तिकीट नाही. कॉलेजची पोरं, नोकरी शोधणारा, घरात एकांत न मिळणारं जोडपं, सगळे एकाच रांगेत बसतात. पहिल्या प्रश्नात मरीन ड्राइव्ह पैकीच्या पैकी गुण घेतो. दुसऱ्यात नापास. त्या कठड्याला होडी लागत नाही.

तिथूनच पुढे कोस्टल रोड निघतो. मरीन ड्राइव्ह ते वरळी, साधारण साडेदहा किलोमीटर. मलबार हिलखालून जोडबोगदे, शंभर हेक्टरांहून जास्त भराव. २०२४च्या मार्चमध्ये पहिला टप्पा खुला झाला. काम अवघड होतं आणि ते पार पडलं, इंजिनिअरांचं कौतुक केलंच पाहिजे. वेळ वाचतो, हेही खरं. पण कुणाचा? दुचाकी आणि रिक्षा यांना या रस्त्यावर बंदी आहे. समुद्राकाठी फिरायला वाट केलीय, पण तिथे पोचायचं तर वाहनांच्या रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने जायचं. मरीन ड्राइव्हवरही मधे रस्ता आहेच, पण तिथे सिग्नलला थांबून चालत जाता येतं. इथे समुद्र आणि शहर यांच्यामधे गाडी आली, आणि पहिला मान गाडीचा!

वरळी कोळीवाड्याची गोष्ट तर प्रत्येक नगररचनाकाराने पाठ करावी अशी आहे. आराखड्यात पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळी म्हणाले, वारा-लाटांत एवढ्या फटीतून होड्या सुखरूप निघणार नाहीत. काम अडलं, वाद झाला आणि शेवटी एका ठिकाणी ते अंतर १२० मीटर झालं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोळ्यांनी भांडून आराखड्यात घालायला लावलं. आधी विचारलं असतं तर?

तुम्ही म्हणाल, मुंबईचं गाऱ्हाणं आम्हाला कशाला? कारण ‘किनारा सुशोभीकरण’ हा शब्द आता सगळीकडे पोचलाय. आपल्याकडे मांडवीची जेट्टी आहे, संध्याकाळी तिथे फुकट बसता येतं. मिरकरवाडा आहे, तिथून होड्या जातात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज आपल्या गावात आहेत, मासळीच्या वासासकट आहेत. उद्या कुणी गुळगुळीत चित्र घेऊन आलं, दिवे, फरशी, उपाहारगृहं दाखवू लागलं, तर नाही म्हणू नका. चित्र नीट बघा. त्यात बिनपैशाचा कठडा कुठे आहे आणि होडीची वाट कुठे आहे, तेवढं बोट ठेवून विचारा. नुसता समुद्र दिसायला, मंडळी, थिबा राजालाही दिसत होताच.